विल्यम केरी आणि त्यांचे वयात आलेले पुत्र

विल्यम केरी यांचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. इंग्लंडातील एका खेड्यात जोडे शिवणारा हा मनुष्य इ. स. १७९३ त हिंदुस्थानात आला, त्याने व त्याच्या सोबत्यांनी पवित्र शास्त्राची भाषांतरे अनेक भाषांत केली, आणि सतीची दुष्ट चाल बंद व्हावी म्हणून पुष्कळ खटपट केली, हे रविवारच्या शाळेतील मुलेही सांगतात. आपल्या मराठी भाषेवर तर त्यांचे विशेष ऋण आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते इतर भाषांबरोबर मराठीही शिकवीत. वैजनाथ नावाच्या पंडितांचे साहाय्य घेऊन त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मोडी अक्षरांत छापलेला मराठी कोश प्रसिद्ध केला, आणि १८११ साली त्यांच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. हे सर्व खरे आहे; परंतु आज आम्ही पंडित केरींविषयी लिहीत नाही. चार मुलांचा बाप असलेल्या केरींविषयी लिहितो.

लेकरे लहान असता त्यांस प्रभूच्या शिक्षणात कसे वाढवावे, याविषयी उपदेश पुष्कळ ऐकावयास मिळतो. पण लेकरू वयात आल्यावर आईबापांनी काय करावे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. चार वर्षांच्या पोराचा हात धरून त्याला उपासनेस नेता येते. चोवीस वर्षांच्या मुलाचा हात तसा धरता येत नाही. तो पोटासाठी शहरात जातो, चार पैसे मिळवू लागतो, घरी येणारे निरोप विरळ होतात, प्रार्थनेची सवय सुटते, आणि एके दिवशी गावात बातमी येते की अमक्याचा मुलगा दारूस लागला, तमक्याच्या मुलाच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. उपदेशकाच्या घरी तर हे दुःख दुप्पट होते. कारण ज्याला आपले घर राखता आले नाही तो आमची मंडळी काय राखणार, असे बोलणारी तोंडे प्रत्येक गावात असतात. केरीसाहेब स्वतः ह्या दुःखातून गेले. त्यांच्या चरित्राचा हा भाग सहसा सांगण्यात येत नाही, म्हणूनच तो आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी ह्या गावी झाला. त्यांचे वडील आधी विणकर होते व पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले. १७८१ साली विल्यमचे लग्न डॉरोथी प्लॅकेट हिच्याशी झाले. दोन मुली बाळपणीच वारल्या. १७९३ च्या जून महिन्यात हे कुटुंब जहाजात बसले तेव्हा वडील मुलगा फेलिक्स सात वर्षांचा होता, विल्यम सुमारे पाच वर्षांचा, पीटर त्याहून लहान, आणि याबेस तर काही आठवड्यांचे तान्हे बाळ होते. डॉरोथीबाईंच्या मनात परदेशी येण्याचे नव्हते. त्यांच्या बहिणीने सोबत येण्याचे कबूल केले तेव्हाच त्या निघाल्या. ११ नोव्हेंबर रोजी मंडळी कलकत्त्यास पोहोचली.

पुढील सहा वर्षे ह्या घराने फार सोसले. केरींनी उत्तर बंगाल्यात मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरली. ताप व हगवण ह्यांनी सर्वांस पिळून काढले. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर मरण पावला. ह्या दुःखात डॉरोथीबाईंचे मन असे भ्रमले की ते पुन्हा कधीच ठिकाणावर आले नाही. १७९६ साली त्याच ठिकाणी धाकटा योनाथान जन्मला. आईची ही अवस्था. बाप दिवसा कारखान्याचा हिशेब पाहणारा व रात्री दिव्याजवळ बसून शास्त्राचे भाषांतर करणारा. अशा घरात चार मुलगे रानातल्या रोपांप्रमाणे आपोआप वाढले. त्यांस शिस्त लागली नाही.

येथे केरींचा दोष आम्ही झाकू इच्छित नाही. ते स्वभावाने फार मवाळ होते. मुले हट्टी व उद्धट होत आहेत हे त्यांस दिसत असे, आणि त्याचे त्यांस दुःखही होत असे. पण इलाज करावयास लागणारी कठोरता त्यांच्या अंगी नव्हती. एली याजकाची गोष्ट त्यांस ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? शास्त्रातील शब्दन् शब्द तोलून दुसऱ्या भाषेत मांडणारा हा मनुष्य आपल्याच मुलांपुढे गप्प बसे. पुस्तकी ज्ञान आणि घरचे राज्य ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या उपदेशक बंधूंनी ध्यानात ठेवावे.

१८०० सालच्या जानेवारीत केरी आपले कुटुंब घेऊन कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी असलेल्या सेरामपूर गावी राहावयास गेले. त्या वेळी ते गाव डेन्मार्कच्या राजाचे होते. नुकतेच इंग्लंडाहून आलेले जोशुआ मार्शमन, त्यांची पत्नी हॅना व मुद्रक विल्यम वॉर्ड हे तेथे त्यांस मिळाले. ह्या सर्वांनी एकत्र राहण्याचे, एका पंक्तीस जेवण्याचे व मिळकत एका सामाईक पेटीत टाकण्याचे ठरविले. ह्याच व्यवस्थेने केरींच्या मुलांचे कल्याण झाले. हॅनाबाईंनी पाहिले की मुलांचे हाल होत आहेत आणि बाप कष्टी आहे पण हतबल आहे. त्यांनी व वॉर्ड यांनी ती मुले आपली मानली. वॉर्ड हे तेव्हा तरुण होते. त्यांनी मुलांस छापखान्यात कामास लावले, खिळे जुळवावयास शिकविले, त्यांच्याशी मित्राप्रमाणे बोलले, आणि वेळ पाहून तारणाची गोष्ट काढली. थोड्याच महिन्यांत पंधरा वर्षांचा फेलिक्स अगदी बदलला.

२८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या काठी जे झाले ते पुष्कळांस ठाऊक आहे. त्या दिवशी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला; सेरामपूरच्या मिशनाचे ते बंगाल्यातील पहिले फळ. पण त्याच दिवशी, त्याच पाण्यात, केरींनी आपल्या थोरल्या मुलालाही बाप्तिस्मा दिला, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. एका बाजूस कृष्ण व दुसऱ्या बाजूस फेलिक्स असे दोघांस घेऊन ते नदीकडे चालत गेले. घरात मात्र त्या वेळी डॉरोथीबाई आपल्या भ्रमात ओरडत होत्या. बापाच्या एका डोळ्यात हसू आणि दुसऱ्यात आसू, असा तो दिवस होता.

येथपर्यंत आमच्या वाचकांस वाटेल की आता सर्व सुरळीत झाले. पण बाप्तिस्मा हे प्रवासाचे टोक नव्हे, हे प्रत्येक पाळकास ठाऊक आहे. फेलिक्स बंगाली भाषेत प्रचार करू लागला, वैद्यकी शिकला, छपाईत निष्णात झाला. १८०७ साली, बावीस वर्षांच्या वयात, तो ब्रह्मदेशी रंगून शहरी मिशनाच्या कामास गेला. बापाने त्याला अडविले नाही. घरी छापखान्यात हाताशी आलेला मुलगा समुद्रापलीकडे धाडणे बापास जड जाते. तरी केरी स्वतः आपल्या आईबापांस सोडून आले होते, त्यामुळे मुलाची वाट अडविण्याचा अधिकार आपल्यास नाही हे ते जाणून होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डॉरोथीबाई वारल्या.

फेलिक्सने रंगूनला पुष्कळ चांगले काम केले. ब्रह्मी भाषा तो उत्तम शिकला व तिचे व्याकरण त्याने लिहिले. देवीची लस टोचण्याचे काम त्याने तेथे सुरू केले. त्यामुळे दरबारात त्याचे वजन वाढले. १८१३ साली अमेरिकेचे ॲडोनायराम जडसन रंगूनला उतरले तेव्हा त्यांस आसरा मिळाला तो फेलिक्सच्याच घरी. ज्या मिशनरी मंडळींतले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट त्याच वर्षी मुंबईस आले व ज्यांनी आपल्या मराठी मुलखात कामास आरंभ केला, त्यांच्याच सोबत जडसनही हिंदुस्थानात आले होते.

दुसरा मुलगा विल्यम हाही मिशनाच्या कामात शिरला व बंगाल्यात कटवा येथे त्याने आयुष्याची पुष्कळ वर्षे घालविली. राहिले याबेस व योनाथान. याबेसला कलकत्त्यात एका वकिलाच्या हाताखाली कायदा शिकावयास ठेविले होते. तो वाईट मार्गास लागला होता असे नाही. पण त्याचे मन प्रभूकडे वळले नव्हते. नीतीने वागणारा, कामात हुशार, पण आत कोरडा असा मुलगा आईबापांस मोठा घोर लावतो. कारण त्याला रागे भरावे असे काही सापडत नाही, आणि समाधान मानावे असेही काही सापडत नाही. केरींनी याबेसवर जुलूम केला नाही. त्याच्यासाठी त्यांनी प्रार्थना केली, आणि इंग्लंडातील मित्रांपासून ही काळजी लपवून ठेविली नाही.

१८१२ साली लंडन शहरी मिशनरी संस्थेची वार्षिक सभा भरली होती. केरींचे जुने मित्र जॉन रायलंड हे उपदेश करीत होते. सेरामपूरच्या कामाविषयी बोलता बोलता ते केरींच्या मुलांकडे वळले. दोन मुलगे प्रभूच्या सेवेत आहेत, पण तिसरा अजून प्रभूपासून दूर आहे, असे सांगून ते थांबले, आणि त्यांनी सर्वांस विनंती केली की याबेस केरीच्या तारणासाठी आपण सर्वांनी आता मुकाट्याने प्रार्थना करावी. सुमारे दोन हजार माणसे मस्तके लववून स्तब्ध बसली. हजारो कोस दूर असलेल्या, कधी न पाहिलेल्या एका तरुणाचे नाव घेऊन ती सर्व देवाजवळ मागत होती. पुढे हिंदुस्थानाहून पत्रे आली तेव्हा कळले की त्याच सुमारास याबेसचे मन पालटले होते.

त्यानंतर थोड्याच काळात पूर्वेकडील मोलुक्का बेटांपैकी अँबोयना येथे शाळांची देखरेख करावयास मनुष्य पाहिजे अशी मागणी सरकारातून आली, आणि याबेस जाण्यास तयार झाला. १८१४ च्या जानेवारीत सेरामपूर येथे त्याच्यावर हात ठेवून त्याला सेवेस नेमण्यात आले. त्या वेळी विल्यम कटव्याहून व फेलिक्स रंगूनहून आलेले होते. वीस वर्षांपूर्वी जहाजात जे तान्हे बाळ होते त्याचे हे मंगल कार्य थोरल्या भावांच्या साक्षीने झाले. केरींच्या आयुष्यात ह्याहून गोड दिवस क्वचितच आला असेल.

याबेस निघाला तेव्हा बापाने त्याला एक लांब पत्र लिहून दिले. वयात आलेल्या मुलाशी कसे बोलावे, हे ज्यास शिकावयाचे असेल त्याने त्या पत्रातील मतलब ध्यानात घ्यावा. देवाकडे व माणसांकडे आपल्या मनाची स्थिती कशी आहे तिकडे नित्य लक्ष असावे. बायकोवर प्रीती करावी व प्रत्येक कामात तिला सोबतीण मानावे. मलायी भाषा अशी शिकावी की तीत काही उणे राहू नये. सर्वांशी मायेने व सभ्यतेने वागावे, पण कोणापुढे लाचार होऊ नये. आळस व ऐषआराम ह्यांपासून दूर पळावे. त्यात धमकी नाही, जुन्या चुकांची उजळणी नाही, आणि मी तुझ्यासाठी इतके केले असा हिशेबही नाही. एक वडील कामकरी धाकट्या कामकऱ्यास काम समजावून सांगतो, तसे ते लिहिणे आहे. पुढे अँबोयनास जी पत्रे गेली त्यांत केरी आणखी एक गोष्ट मागत: त्या बेटांतली झाडे, कंद, पक्षी पाठव. केरींस वनस्पतींचा फार नाद होता, व सेरामपूरला त्यांनी मोठी बाग केली होती. प्रत्येक पत्रात उपदेशच असेल तर मुलगा पत्र उघडावयास भितो. पण बाप आपल्या बागेसाठी रोप मागतो तेव्हा आपण बापाच्या उपयोगी पडतो हे मुलास समजते. याबेसने पुढे अजमेरकडेही शाळा चालविल्या.

पण त्याच १८१४ सालाच्या पोटात दुसरे दुःख दडलेले होते. ब्रह्मदेशच्या राजाने फेलिक्सला छापखाना घेऊन राजधानीस येण्यास सांगितले. ऑगस्ट महिन्यात तो बायकामुलांसह इरावती नदीतून निघाला. वाटेत वादळ होऊन गलबत उलटले. पत्नी बुडाली, मुले बुडाली, छापखाना नदीच्या तळाशी गेला. फेलिक्स मात्र वाचला. एका घटकेत घर व काम दोन्ही नाहीसे झाले. त्याची पहिली पत्नी ह्याच्या सहा वर्षे आधी, १८०८ साली, वारली होती.

राजाला त्याची दया आली. त्याने फेलिक्सला आपला वकील, म्हणजे दरबारचा प्रतिनिधी, नेमून कलकत्त्यास पाठविले. जगाच्या दृष्टीने ही मोठी बढती होती. मिशनरी म्हणून गेलेला मुलगा राजाच्या मानमरातबासह, नोकरचाकरांच्या लवाजम्यासह कलकत्त्यात परत आला. आमच्या गावात असे झाले असते तर बापाने पेढे वाटले असते. केरींनी मात्र हे उतरणे आहे असेच मानले. राजाची वकिली मिळविण्याच्या नादात मुलगा सुवार्तिक होता त्याहून लहान झाला, असे दुःख त्यांनी मित्रांजवळ सांगितले. सरकारी कामाचा त्यांस तिटकारा होता असे नव्हे. याबेसही सरकारी कामावरच गेला होता, व ते स्वतः सरकारी कॉलेजात शिकवीत. त्यांस खुपले ते हे की फेलिक्सने आपले पाचारण टाकून दिले.

बापाची भीती खरी ठरली. शोकाने पोखरलेले मन, हातात पैसा आणि भोवती खुशामत करणारे लोक. फेलिक्स उधळपट्टीत व दारूत बुडाला. कर्ज झाले. राजाचा विश्वास गेला. अखेरीस तो कलकत्ता सोडून बंगाल्याच्या पूर्व सीमेकडील प्रांतांत निघून गेला, आणि सुमारे तीन वर्षे रानावनांत व परक्या दरबारांत भटकत राहिला.

ह्या वर्षांत केरींचे वय पंचावन्नच्या पुढे गेले होते. सेरामपूरचे नाव तेव्हा दूरवर झालेले. ज्याच्या छापखान्यातून शास्त्र देशभर जात होते त्याचाच वडील मुलगा, त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेला, कर्जबाजारी होऊन कोठे आहे हे लोक विचारीत. अशा वेळी मनुष्यापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक अशी की मुलाचे नाव टाकावे, तो आमचा नव्हे म्हणावे, म्हणजे मंडळीत आपली मान ताठ राहते. दुसरी अशी की त्याच्या वागण्यावर पांघरूण घालावे, दोष संगतीवर किंवा नशिबावर ढकलावा, म्हणजे आपले मन शांत राहते. केरी ह्यांपैकी कोणत्याही वाटेने गेले नाहीत. मुलाच्या पापास त्यांनी पाप म्हटले व ते पत्रांत उघड लिहिले. आपले काम त्यांनी थांबविले नाही. भाषांतर, शिकविणे, प्रचार हे रोज चालूच राहिले. आणि घरातील त्याची जागा त्यांनी दुसऱ्यास देऊन टाकली नाही.

१८१८ साली वॉर्ड हे मंडळ्यांच्या भेटीस चितगाव येथे गेले होते. तेथे त्यांस फेलिक्स भेटला. पंधरा वर्षांच्या फेलिक्सला ज्याने खिळे जुळवावयास शिकविले त्याच मनुष्याची आज तेहतीस वर्षांच्या, थकलेल्या, लाजेने मान खाली घातलेल्या फेलिक्सशी गाठ पडली. वॉर्ड यांनी त्याला घरी चलण्याविषयी आग्रह केला, आणि तो आला. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप वाटेवर धावत जातो. येथे बापाच्या वतीने बापाचा भाऊबंद धावला. मुलगा कित्येकदा बापाच्या तोंडाकडे पाहू शकत नाही, पण बापाच्या मित्राच्या तोंडाकडे पाहू शकतो.

सेरामपूरला परतलेल्या फेलिक्सला बापाने कोपऱ्यात बसवून ठेविले नाही. त्याला त्याचे काम परत दिले. भाषा त्याच्या जिभेवर होत्या, छपाई हातात होती. तो बापाच्या शेजारी बसून भाषांतरे तपासू लागला. शरीरशास्त्रावर त्याने बंगाली भाषेत मोठा ग्रंथ केला, आणि जॉन बन्यन यांच्या यात्रेकरूच्या प्रवासाचे बंगाली भाषांतर केले. जो स्वतः वाट चुकून चिखलात फसला होता त्याने त्या यात्रेकरूची गोष्ट आपल्या लेखणीने लिहावी, ह्यात देवाची कृपा पाहावी तेवढी थोडीच.

पण ही कृपा फार दिवस भोगावयास मिळाली नाही. १० नोव्हेंबर १८२२ रोजी सदतिसाव्या वर्षी फेलिक्स मरण पावला. त्याच वर्षाच्या ऑगस्टात कृष्ण पाल वारला होता. म्हणजे ज्या दोघांस केरींनी एकाच दिवशी पाण्यात नेले ते दोघे एकाच वर्षी त्यांच्या आधी गेले. पुढच्या मार्चात वॉर्डही पटकीने गेले. केरी आणखी अकरा वर्षे जगले व ९ जून १८३४ रोजी प्रभूकडे गेले. मुलांसाठी त्यांनी धन साठविले नाही. सेरामपूरच्या मिशनच्या जागेवर आपला काही एक हक्क नाही असे त्यांनी मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेविले. धाकटा योनाथान मिशनरी झाला नाही. तो कलकत्त्यात कायद्याचे काम करी. तरी तो प्रभूचा राहिला, आणि बापाच्या मागे बापाच्या आठवणी त्यानेच लिहून ठेविल्या. प्रत्येक मुलाने उपदेशकच व्हावे असे नाही. कोर्टातही विश्वासू मनुष्य पाहिजे.

वाचकहो, ह्या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? धीर धरला म्हणजे मुलगा परत येतोच, असे आम्ही सांगत नाही. तसे सांगणे खोटे होईल. दाविदाने अबशालोमासाठी किती आक्रोश केला, तरी अबशालोम परत आला नाही. धीर म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. मूल वयात आले म्हणजे ते आपल्या अंतःकरणाचा जाब देवास स्वतःच देते, आणि त्या अंतःकरणाची किल्ली आईबापांच्या कनवटीस नसते. आमच्या हाती राहते ते एवढेच की, ते परत यावयास निघाले तर वाटेत आमच्यामुळे अडथळा नसावा.

मुले लहान असता आमच्या हातून उणे पडले असेल, तर ते केरींच्याही हातून पडले होते. त्याचा शोक करीत बसण्यापेक्षा मंडळीतील ज्या भावाबहिणींचा मुलांवर जीव आहे त्यांस घरात येऊ द्यावे. आमच्यातील पुष्कळ आईबाप अभिमानाने हे दार लावून घेतात. आमच्या पोरास दुसऱ्याने शिकवू नये असे म्हणतात. केरींनी ते दार लावले असते तर वॉर्ड कोठून मिळाले असते? आणि ज्यांस स्वतःचे लेकरू नाही, किंवा ज्यांची लेकरे नीट चालतात, त्यांनी दुसऱ्याच्या चुकलेल्या मुलाविषयी पारावर बोलण्यापेक्षा त्याला भेटावयास जावे. शहरात कामास गेलेल्या तरुणांकडे गावच्या मंडळीतून कोणी तरी वर्षातून एकदा तरी जाईल, तर किती घरांचे भले होईल!

त्याचप्रमाणे परत आलेल्यास काम द्यावे. पश्चात्ताप करून आलेल्या मुलास मंडळीत मागच्या ओळीत बसवून त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिले, तर तो दुसऱ्यांदा जातो तो कायमचाच. ज्याला पेटी वाजवावयास येते त्याच्यापुढे पेटी ठेवावी. ज्याला अक्षर चांगले आहे त्याच्याकडून मंडळीचे दप्तर लिहून घ्यावे. विश्वास एकदम टाकू नये हे खरे. पण थोडा थोडा टाकल्यावाचून तो वाढत नाही.

शेवटी, लंडनच्या त्या सभेतील शांततेची आठवण करावी. आमच्या प्रार्थनासभांत आजाऱ्यांची नावे घेतली जातात, पावसासाठी मागणे होते. पण दूर गेलेल्या मुलाचे नाव कोणी बाप उच्चारीत नाही, कारण त्याला लाज वाटते. ही लाज सोडावी. ज्या मंडळीत बाप उभा राहून आपल्या मुलाचे नाव सांगू शकतो आणि ते नाव सभेबाहेर चावडीवर जात नाही, ती मंडळी धन्य होय. येत्या प्रार्थनेच्या दिवशी अशा एका तरी नावासाठी आमच्या सर्व मंडळ्यांनी मस्तके लववावी. आणि जो प्रभू प्रत्येक चुकलेल्या मेंढरास नावाने ओळखतो, तो वाट पाहणाऱ्या आईबापांस धीर व आशा देवो.